जहाजाचं घड्याळ, खाडीची तिथी

शंकेखोर : सकाळी जहाजातून उतरायचं, दिवसभरात शहर पाहायचं, शहराच्या कडेचं वन्यजीवनही पाहायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत जहाजावर. हा बेत तुम्ही नागपूरच्या मनीषनगरातल्या माणसाला ऐकवताय, म्हणून बोलावं लागतं. इथून उमरेड-कऱ्हांडला सुमारे साठ किलोमीटर. पेंच, बोर, ताडोबा हे सगळे अर्ध्या दिवसाच्या टप्प्यात. जंगल पाहायचं तर जंगलाच्या वेळेनं जावं लागतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आता जहाजाच्या थांब्याचा हिशोब मांडा. सकाळी सातला जहाज मुंबईत बॅलार्ड पिअरला लागलं. कागदपत्रं, रांगा आणि बसमध्ये बसणं यात नऊ वाजले. सुटण्याच्या तासभर आधी परत यायचं, म्हणजे हाती उरले सात तास. घारापुरीला बोटीनं जायला तास आणि यायला तास, वर पायऱ्या आणि लेणी. अर्धा दिवस तिथेच गेला. गेटवे आणि व्हीटीचं स्टेशन बसच्या खिडकीतून. मग रोहित पक्षी पाहायला ठाणे खाडीकाठची ऐरोली, म्हणजे शहराच्या गर्दीतून तीसएक किलोमीटर. यात शहर किती दिसलं आणि पक्षी किती? दोन्हींची हजेरी लावून माणूस परततो, त्याला प्रवास म्हणायला माझी तयारी नाही.

हौशी : हिशोब बरोबर आहे भाऊ, पण तो फक्त जहाजालाच का लावता? सिल्लारीच्या गेटातून सकाळी जिप्सी आत जाते आणि चारएक तासांनी बाहेर येते. तेवढ्यावर आपण घरी येऊन ‘पेंच पाहिलं’ म्हणतो. त्या चार तासांत वाघाच्या आयुष्यातला कितवा भाग दिसतो? तरी सफारीला कोणी हजेरी म्हणत नाही. परदेशी पाहुण्याचंच नव्हे, आपलंही बघा. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं तिकीट काढलेला नागपूरकर विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरतो. धक्का तिथून चालत जाण्याजोगा. जहाज संध्याकाळी सुटणार. कोचीहून आलेल्या जर्मन माणसाच्या हातात जो एक दिवस आहे, तोच याच्याही हातात आहे. हा दिवस त्यानं हॉटेलच्या खोलीत काढावा, की घारापुरीच्या त्रिमूर्तीसमोर उभं राहावं? थोडा वेळ मिळाला म्हणून पाहणं खोटं ठरत नाही. बहुतेकांच्या वाट्याला कुठलीही चांगली गोष्ट थोड्या वेळापुरतीच येते. आठ-आठ दिवस कोकणात राहण्याएवढी सुट्टी आणि पैसा ज्याच्याकडे आहे, त्यालाच समुद्र कळतो असं म्हणाल, तर तो श्रीमंतांचा युक्तिवाद होईल.

शंकेखोर : सफारीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण फरक तिथेच आहे. सफारी चार तासांची आहे, पण ते चार तास कोणी ठरवले? जंगलानं, म्हणजे जंगलाच्या वतीनं नियम करणाऱ्यांनी. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन तात्पुरतं बंदच केलं होतं. ऑक्टोबरमध्ये ती बंदी उठली, ती राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं लागू झाल्यावर. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन, गाड्यांची संख्या बांधलेली, सोबत स्थानिक गाइड, पावसाळ्यात गाभा बंद. पाहुण्याला परवडेल तेव्हा गेट उघडत नाही, गेट उघडेल तेव्हा पाहुणा जातो. जहाजाच्या थांब्याला असं गेट नाही. धक्का कधी मोकळा आहे, पुढचं बंदर किती तासांवर आहे, रात्रीचा कार्यक्रम किती वाजता आहे, यावर थांबा ठरतो. खाडीला कोणी विचारत नाही, आणि खाडीचं वेळापत्रक तर वाघापेक्षा कडक असतं.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरदुपारी उधाणाचं पाणी. रोज वेळ पाऊण तासानं पुढे सरकते. रोहित पक्षी चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. चिखल उघडा पडला तर ते पसरतात, पाणी चढलं की काठाकडे सरकतात किंवा उठून दुसरीकडे जातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटींनाही पुरेसं पाणी लागतं, म्हणून त्यांच्या फेऱ्या भरती पाहून ठरतात. आता समजा, जहाज चतुर्थीला आलं. नऊला ओहोटी, तीनला भरती. प्रवासी घारापुरी उरकून ऐरोलीला पोचतो तेव्हा पूर्ण भरती आहे, पण तिथून बोटीत बसून परत धक्क्यावर पोचायला वेळ नाही. आधी ऐरोलीला गेला तर अकराला चिखल बुडत चाललेला आणि बोटीपुरतं पाणी अजून चढायचं आहे. वेळापत्रक छापणाऱ्यानं यातलं काही पाहिलेलं नसतं.

हौशी : तुम्ही उत्तर स्वतःच देऊन टाकलंत. जहाजाचं वेळापत्रक वर्षभर आधी छापतात, पण तिथी तर पंचांगात त्याहूनही आधी छापलेली असते! चतुर्थीला जमत नाही, पण अष्टमीला भरदुपारी चिखल उघडा असतो, पौर्णिमेला भरदुपारी बोट खाडीत आत जाते. महिन्यातले निम्मे दिवस तरी काही ना काही दिसेलच. चुकतं ते न बघता ठरवल्यामुळे. पंचांग न बघता मुहूर्त काढला म्हणून लग्न ही गोष्टच वाईट, असं कोणी म्हणतं का?

आणि दुसरं. तुम्ही खाडीला जंगलाच्या जागी बसवताय, तसं काही ते अनादि, अस्पर्श वन्यजीवन नाही. मुंबईच्या शिवडीला रोहित मोठ्या संख्येनं दिसू लागले ते १९९० च्या दशकात. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यानं शेवाळ वाढतं आणि शेवाळावर लहान रोहित जगतो. कच्छातून येणारे हे पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे इथे असतात, आणि संख्या लाखावर गेल्याच्या नोंदी आहेत. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. म्हणजे हे वन्यजीवन शहरानंच नकळत वाढवलेलं. शहर वेगळं आणि पक्षी वेगळे बघायला दोन सहली लागतात, हे तुमचं गृहीतक इथे लागूच होत नाही. अटल सेतूनं शिवडीहून निघालेला माणूस दहा मिनिटांत दोन्ही बघतो. पुलाला तिथे ध्वनिरोधक भिंती लावल्यात त्या कशासाठी, एवढा एक प्रश्न त्याला पडला तरी त्या दिवसात तो मुंबईबद्दल पुष्कळ शिकला.

शंकेखोर : भिंतीआडून तो काय शिकणार, ते सोडून देऊ. पण शहरानं वाढवलेला पक्षी शहर मारूही शकतं, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या धडकेनं तीसहून अधिक रोहित मेले. त्याच वर्षी नेरूळच्या डीपीएस तलावाशी भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा तुंबल्याची तक्रार झाली, तिथेही पक्षी दगावले. पर्यावरण कार्यकर्त्यांचा रोख कशावर होता, आठवा. प्रवासी जलवाहतुकीसाठी बांधलेल्या जेट्टीच्या कामावर. समुद्रातून माणसं आणायची सोय करताना पाण्याची वाट अडली, असा तो आरोप. तुम्ही ज्याला पाहुण्याची सोय म्हणता, तिची किंमत पाहुणा यायच्या आधीच खाडी चुकवते, आणि पाहुण्याला ते कधी कळतही नाही.

हौशी : कळत नाही, कारण त्याला कोणी सांगत नाही. आणि जो कधी आलाच नाही, त्याला तर मुळीच कळणार नाही. डीपीएस तलाव वाचावा म्हणून जे लोक भांडले, त्यांनी आधी तिथे उभं राहून पक्षी पाहिले होते. कुठलीही जागा वाचते ती तिच्या बाजूनं बोलणारे असतात म्हणून, आणि बोलणारे तयार होतात ते डोळ्यांनी बघून. परदेशी प्रवाशाचं जाऊ द्या, त्याला इथे मत नाही. पण आपलं काय? ठाणे खाडीचा निर्णय जे सरकार घेतं, त्याचं हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरतं. १९५३ च्या नागपूर करारात तेच ठरलं होतं. मनीषनगरातल्या माणसाला वाटतं की समुद्र हा मुंबईकरांचा आणि कोकणवाल्यांचा प्रश्न, जसं मुंबईकराला वाटतं की वाघ हा विदर्भाचा प्रश्न. एका दिवसाच्या थांब्यानं ही समजूत थोडी जरी हलली, तरी तो दिवस सात तासांचा राहत नाही.

शंकेखोर : मतदार म्हणून जागा झालेला नागपूरकर किती, आणि सेल्फी काढून बुफेला परतलेला किती, याचा आकडा तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. म्हणून आशेवर बोलू नका, संख्येवर बोला. मुंबईत नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं, वर्षाला दहा लाख प्रवाशांचा विचार करून ते बांधलंय. क्रूझ भारत मोहीम २०२४ मध्ये मुंबईच्याच बंदरातून जाहीर झाली, २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे आहेत. धक्क्यावर किती माणसं उतरवायची, याचा आकडा ठरलाय. खाडीत किती माणसं न्यायची, हा आकडा त्याच टेबलावर कोणी मांडला? अलास्कातलं जुनो बघा. त्या शहराला बाहेरून येणारा रस्ताच नाही, विमान किंवा जहाज. वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास आणि २०२३ च्या एका हंगामात जहाजांनी आलेले प्रवासी सोळा लाखांवर. सकाळी उतरायचं, देवमासे बघायला बोट, हिमनदी बघायला बस, संध्याकाळी परत. तुमच्या कल्पनेतला थांब्याचा दिवस जगात कुठे पूर्णत्वाला गेला असेल तर तिथे. आणि शेवटी त्या शहराला जहाजकंपन्यांशी करार करावा लागला, २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं. व्हेनिसनं २०२१ मध्ये पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना गावाच्या मधल्या कालव्यातून हाकललंच.

हौशी : जुनोची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मतदान झालं, शनिवारी मोठी जहाजं येऊच द्यायची नाहीत असा प्रस्ताव होता. लोकांनी तो नाकारला. ज्यांच्या दाराशी सोळा लाख लोक येतात, त्यांनीच. कारण त्यांची दुकानं, बोटी, पोरांच्या उन्हाळी नोकऱ्या त्यावर चालतात. त्यांनी प्रवाशाला नको म्हटलं नाही, मोजून ये म्हटलं. १९९९ मध्येच त्यांनी मतदान करून माणशी पाच डॉलर कर लावला होता. २००१ साली धक्क्यावरून जहाजाला वीज द्यायची सोय केली, म्हणजे उभ्या जहाजानं गावावर धूर सोडू नये. क्रूझसाठी जगातली ती पहिली सोय. तेव्हा थांब्याचा दिवस मुळात वाईट नाही. यजमानानं आपले नियम बांधायला उशीर केला की तो वाईट होतो.

शंकेखोर : चला, एवढ्यावर तरी आपलं जुळलं. मग त्याच राज्यातला ग्लेशिअर बे बघा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी. उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि प्रवाशांना माहिती देतात. जहाज कुठेही लागत नाही, कोणी उतरत नाही. तेच मी म्हणतोय, गेट. समुद्रालाही गेट लावता येतं, आणि ते उद्यानानं लावलंय, जहाजकंपनीनं नाही. असं गेट ठाणे खाडीला आणि घारापुरीच्या भोवतालच्या पाण्याला लागेपर्यंत मी तुमच्या सहलीला जंगलाची सफारी म्हणणार नाही.

हौशी : गेटावर तुमचा फारच भरवसा दिसतो. मग ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्याच उमरेड-कऱ्हांडल्यात काय झालं? गोठणगाव गेट होतं, गाड्यांची संख्या होती, गाइड होते, नियमावली होती. तरी एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंनी गाड्यांमध्ये अडकले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली. गेट तिथे बंद नव्हतं, मोडलेलं नव्हतं. गेटाच्या आत नियमानं गेलेल्या माणसांनी हे केलं. आणि ती बहुतेक आपल्यासारखीच, गाडीनं आलेली. जहाजातून कोणी उतरलं नव्हतं.

शंकेखोर : हा मुद्दा मला टोचतो, पण मी तो तुमच्या विरोधातच वापरणार. त्या दिवशी काय तारीख होती? वर्षाचा शेवटचा दिवस. दूरदूरहून आलेले, एकच सफारी मिळालेले, उद्या कामावर परतणारे लोक. ज्याच्याकडे एकच फेरी आहे, त्याला रिकाम्या हातानं परतणं परवडत नाही. तो चालकाला म्हणतो, पुढे घ्या. गाइडला म्हणतो, अजून थोडं. चालकाची बक्षिशी त्याच क्षणावर टेकलेली. आता हीच मानसिकता जहाजाच्या दिवसाला लावा. तिथे तर सगळेच एका फेरीचे. परत यायची शक्यताच नाही, कारण उद्या सकाळी ते गोव्यात असतील. थांबा छोटा आहे यापेक्षा, त्या दिवसाला काहीच न दिसणं चालत नाही, यावर माझा आक्षेप आहे. वन्यजीवन पाहायची खरी तयारी म्हणजे न दिसण्याची तयारी. ती जहाजाच्या तिकिटात येत नाही.

हौशी : हे तुम्ही आधी म्हणाला असतात तर निम्मा वाद वाचला असता. मान्य. मग असं वन्यजीवन निवडा, की ज्याला दिसण्या-न दिसण्याचा जुगार नाही. कांदळवन जागचं हलत नाही. ओहोटीला चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी येतात, तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. यात कोणाचा पाठलाग नाही, कोणाला घेराव नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. किनाऱ्याच्या माणसानं आपली खाडी आपल्या होडीतून दाखवावी, पैसा त्याच घरात जावा, याहून चांगला थांबा कुठला?

शंकेखोर : त्या बायकांची होडी मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या होडीत किती माणसं बसतात? आणि तुमच्या जहाजातून किती उतरतात? वेंगुर्ल्याला पूर्वी आगबोट थांबायची. मुंबईहून निघून रत्नागिरी, मालवण करत पणजीपर्यंत जाणारी. बोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं किनाऱ्यावर यायची. उतरणारा चाकरमानी असायचा, आपल्या घरी आलेला. एका फेरीत किनारा जेवढी माणसं पचवू शकेल, तेवढीच उतरायची. हजार-दोन हजारांचं जहाज वेंगुर्ल्याला लागू शकत नाही, आणि लागलंच तर त्या होडीचं काय होईल ते सांगायला नको. ज्या अनुभवाची तुम्ही स्तुती करताय, तो जहाजाच्या आकारात मावतच नाही. तिथे जायचं तर एसटीनं किंवा कोकण रेल्वेनं जावं लागेल. म्हणजे पुन्हा माझ्याच बाजूला आलात.

हौशी : पूर्ण नाही आलो. गोव्याचा थांबा घ्या, मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांचा नेहमीचा. मुरगावला उतरलेल्या माणसाला जुन्या गोव्याची चर्च दाखवतात, संध्याकाळी परत. पण मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा वाटेतच आहे. तिथे मगरी आहेत आणि शेताच्या बांधांवर राबणारे लोकही आहेत. त्या भागात दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मानगे थापणी म्हणतात तिला. खाजण शेतीचे बांध मगरीनं आणि पाण्यानं सांभाळून घ्यावेत, ही त्यामागची भावना. मगर दिसो न दिसो, एवढी गोष्ट जरी कोणी नीट सांगितली, तर शहर, शेती आणि जनावर यांचा संबंध प्रवाशाला एका दुपारी उमगू शकतो. तुम्ही म्हणता तशी न दिसण्याची तयारी त्यातूनच येते. दिसण्यापेक्षा सांगण्याला वजन दिलं तर.

शंकेखोर : सांगणार कोण? बसमधला गाइड जहाजानं नेमलेला. सहल जहाजावरच विकलेली. तो पौषातल्या मगरीबद्दल सांगेल की काजूच्या दुकानापाशी वीस मिनिटं थांबेल, हे त्याला पैसे कोण देतो यावर ठरेल. दुर्भाटचा शेतकरी बोलला असता तर वेगळी गोष्ट. त्याला बोलवायला कोणाला वेळ आहे?

या दोघांच्या वादात लिहिणाऱ्यानं मध्ये बोलणं शिष्टसंमत नाही, पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दोघांनीही खाडीबद्दल पुष्कळ सांगितलं, पण खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याला रोहित नवे नाहीत आणि जहाजंही नवी नाहीत. सांडपाण्यानं शेवाळ वाढलं आणि रोहित आले, पण त्याच सांडपाण्यानं त्याची मासळी गेली. पर्यटकांना नेणारी बोट हे त्याचं नवं उत्पन्न असू शकतं, किंवा जेट्टीमुळे होडी लावायची जागा जाणं हे नवं नुकसानही असू शकतं. हे दोघं नागपूरचे आहेत आणि दोघंही पाहुणेच आहेत, एक उत्सुक आणि एक संकोचणारा. संकोचणाऱ्या पाहुण्यालाही यजमानाच्या वतीनं बोलायचा हक्क आपोआप मिळत नाही.

हौशी : मग तुमचा शेवटचा शब्द काय? जाऊ नये?

शंकेखोर : ‘जाऊ नये’ म्हणायचा अधिकार मला नाही, तो खाडीकाठच्यांना आहे. माझं म्हणणं एवढंच, की जंगलात आपण जे मान्य केलं ते समुद्रात मान्य करायला हवं. जागेची वेळ, जागेची संख्या आणि जागेचाच गाइड. हे तीन नसतील तर सात तास काय आणि सात दिवस काय. आणि ते असतील तर चार तासही चालतील, हेही मी आता मान्य करतो. सुरुवातीला केलं नव्हतं.

हौशी : आणि मी मान्य करतो की वेळ कमी हे तुमचं दुखणं नव्हतं. पण एका ठिकाणी तुम्ही मला पटवलं नाहीत. आधी गेट, मग पाहुणा, असा तुमचा क्रम आहे. इतिहासात तो उलटा दिसतो. पेंचमध्ये, ताडोब्यात पाहुणे आले, गर्दी झाली, ओरड झाली, न्यायालयात गेलं, मग गेट कडक झालं. जुनोतही कर आधी आला खरा, पण संख्येची मर्यादा सोळा लाखांनंतर आली. कोणी न येणाऱ्या खाडीला गेट लावायची गरज कोणत्या सरकारला वाटेल? तिथे मग जेट्टी बांधली काय आणि भराव टाकला काय, बघायला कोणी नसेल.

शंकेखोर : म्हणजे आधी थोडं बिघडू द्यायचं, मग दुरुस्त करायचं. वाघिणीचे बछडे त्या ‘थोड्या’मध्ये मोजायचे का, हा प्रश्न माझ्याकडे उरतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

हौशी : नाही. आणि कोणी न बघता गेलेली खाडी कशात मोजायची, त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही.

वाद इथे थांबला, मिटला नाही. मात्र ज्यांनी तिकीट काढलेलंच आहे, त्यांना तो मिटेपर्यंत थांबता येणार नाही. त्यांनी थांब्याची तारीख हाती आल्याबरोबर कॅलेंडरवर तिथी बघावी, तिची पाऊणपट करावी आणि सहलीचा क्रम त्यावरून लावून मागावा. तिथीबरोबर वारही बघावा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानही.